१२.०७ टक्के आले कुठून? पार्ट-टाइम कामाच्या पगारी रजेचा हिशोब



मी इंग्लंडमध्ये कामगार कायद्यावर पीएचडी करतेय आणि सोबत विद्यापीठात तासांवर शिकवते. एखाद्या आठवड्यात ४ तास, कधी ७, परीक्षेच्या दिवसांत शून्य. माझ्या पेस्लिपवर शिकवलेल्या तासांच्या रकमेखाली एक वेगळी ओळ येते: हॉलिडे पे, १२.०७ टक्के. जवळजवळ वर्षभर मी ही ओळ बघितली, 'असेल काहीतरी' म्हटलं आणि पुढे गेले. कामगार कायद्याच्या विद्यार्थिनीने असं करावं हे लाजिरवाणंच आहे, पण झालं खरं.

मग जानेवारीत कोल्हापूरकडच्या एका ज्युनिअरचा फोन आला. तो इथे एम.एस्सी. करतोय आणि शनिवार-रविवार एका दुकानात प्रत्येकी ८ तास काम करतो. "ताई, फेब्रुवारीत भावाचं लग्न आहे. दोन आठवडे घरी जायचंय. मॅनेजर म्हणतो खुशाल जा, पण पगार मिळणार नाही. पार्ट-टाइमवाल्यांना पगारी सुट्टी नसते म्हणे. खरंय का?"

खरं नाही. इतकं मला येत होतं. पण पुढचा प्रश्न आला, "मग मला किती मिळते?" आणि मी चटकन म्हटलं, "थांब, १२.०७ टक्क्यांनी काढूया." फोन ठेवल्यावर वाटलं, आपण हा आकडा कुठून उचलला? पेस्लिपवरून! तो ज्युनिअरला लागू होतो का, हे तपासलंच नव्हतं. त्या संध्याकाळी मूळ नियम काढून बसले, आणि एका आकड्यामागे सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेली भानगड निघाली. संशोधनाच्या तयारीत असलेल्यांना ती उपयोगी पडेल असं वाटतं, कारण तिच्यात कायदा जेवढा आहे तेवढीच मोजमापाची गोष्ट आहे.

(पुढचं सगळं इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडबद्दल आहे. उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे आहेत.)

कायदा दिवसांत बोलत नाही

मूळ कायदा म्हणजे वर्किंग टाइम रेग्युलेशन्स, १९९८. त्याच्या मागे युरोपीय समुदायाचा १९९३ चा कामाच्या वेळेबद्दलचा निर्देश होता. प्रत्येक कामगाराला वर्षाला किमान ४ आठवडे पगारी रजा, असं तो सांगत होता. ब्रिटनने आधी ३ आठवडे दिले, नोव्हेंबर १९९९ पासून ४ केले. सुरुवातीला त्यात एक मेख मारलेली होती. एकाच मालकाकडे सलग १३ आठवडे काम झाल्याशिवाय हक्क सुरूच व्हायचा नाही. चित्रपट आणि टीव्हीच्या क्षेत्रात लोक छोट्या छोट्या करारांवर काम करतात, त्यांचे १३ आठवडे कधी भरणार? त्यांच्या 'बेक्टू' या युनियनने आव्हान दिलं आणि २००१ मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं की अशी अट निर्देशात बसत नाही. तेव्हापासून हक्क पहिल्या दिवसापासून.

पुढचा घोळ बँक हॉलिडेचा. इंग्लंड-वेल्समध्ये वर्षाला ८ बँक हॉलिडे असतात. मालक ते ८ दिवस त्या ४ आठवड्यांतच मोजून टाकायचे, म्हणजे हातात उरायचे १२ दिवस. म्हणून सरकारने जादा रजा घातली. १ ऑक्टोबर २००७ पासून एकूण ४.८ आठवडे, १ एप्रिल २००९ पासून ५.६ आठवडे. पाच दिवसांच्या आठवड्यात १.६ आठवडे म्हणजे बरोबर ८ दिवस. ५.६ हा विचित्र दिसणारा आकडा असा जन्माला आला.

आता महत्त्वाचं. कायदा '२८ दिवस' असं मुळात म्हणत नाही. तो म्हणतो '५.६ आठवडे', आणि आठवडा तुमचा. तुमचा आठवडा ५ दिवसांचा असेल तर ५.६ × ५ = २८ दिवस. ३ दिवसांचा असेल तर १६.८ दिवस. २ दिवसांचा तर ११.२. वेगळा 'पार्ट-टाइम दर' असा काही लागतच नाही, प्रमाण त्या 'आठवडा' शब्दात आधीच भरलेलं आहे. २८ दिवस येतात ते फक्त वरची मर्यादा म्हणून. आठवड्याला ६ दिवस काम करणाऱ्याचे ५.६ × ६ = ३३.६ होतात, पण कायद्याने २८ वरच थांबतं. करारात जास्त दिले तर तो मालकाचा प्रश्न. आणि १६.८ चे १७ करता येतात, १६ करता येत नाहीत.

दिवस हे एकक किती फसवं आहे ते बघा. एक जण आठवड्यात ५ दिवस रोज ८ तास काम करतो, दुसरी ४ दिवस रोज १० तास. दोघांचे ४० तास. त्याला २८ दिवस, तिला २२.४. ऐकायला अन्याय वाटतो. पण तिचा एक दिवस १० तासांचा आहे: २२.४ × १० = २२४ तास, आणि त्याचे २८ × ८ = २२४ तास. तंतोतंत सारखे. म्हणून कुणी तुम्हाला दिवसांत रजा सांगितली की आधी विचारायचं, दिवस कुणाचा आणि किती तासांचा?

ज्युनिअरचा हिशोब आता सरळ झाला. २ दिवस × ५.६ = ११.२ दिवस, किंवा १६ तास × ५.६ = ८९.६ तास. तासाला १३ पौंड धरले तर वर्षाला ११६४ पौंडांच्या वर. त्याच्या खोलीचं दोन महिन्यांचं भाडं निघतं. 'पार्ट-टाइमला सुट्टी नसते' या एका वाक्याची ही किंमत.

आणि हो, हा हक्क 'वर्कर'ला आहे. इंग्रजी कायद्यात 'वर्कर' ही 'एम्प्लॉयी'पेक्षा मोठी टोपली आहे. एजन्सीमार्फत काम करणारे, झिरो-अवर करारावरचे, माझ्यासारखे तासांवरचे, सगळे तिच्यात येतात. खरोखर स्वतःचा धंदा करणारे येत नाहीत.

सोमवारचं दुखणं

इथे एक छोटी वाट वाकडी करते, कारण तिच्यात संशोधनपद्धतीचा चांगला धडा आहे.

इथले निम्मे बँक हॉलिडे ठरलेल्या सोमवारी येतात: ईस्टरचा सोमवार, मे महिन्याचे दोन, ऑगस्टचा शेवटचा. समजा करारात लिहिलंय '२० दिवस अधिक बँक हॉलिडे'. जो बुधवार ते शुक्रवार काम करतो त्याचे २० चे १२ होतात आणि सोमवारच्या सुट्ट्या त्याच्या वाट्याला येतच नाहीत. मग तो पार्ट-टाइम असल्यामुळे त्याच्याशी भेदभाव झाला का? २००० सालचे नियम सांगतात की पार्ट-टाइम असल्याच्या कारणावरून कमी वागणूक देता येणार नाही.

मॅकमेनेमी विरुद्ध कॅपिटा या स्कॉटलंडमधल्या खटल्यात हाच प्रश्न आला. कामगार बुधवार-गुरुवार-शुक्रवार काम करणारा, कामाची जागा आठवड्याचे सातही दिवस चालणारी. २००७ मध्ये तो हरला. का? कारण त्याच ठिकाणी मंगळवार ते शनिवार काम करणाऱ्या फुल-टाइम माणसालाही सोमवारची सुट्टी मिळत नव्हती. म्हणजे कोर्टाच्या मते तोटा झाला तो सोमवारी काम नसल्यामुळे, पार्ट-टाइम असल्यामुळे नव्हे.

आता विचार करा, तुलना सोमवार ते शुक्रवार काम करणाऱ्याशी केली असती तर? निष्कर्ष उलटा वाटला असता. आपण प्रबंधात 'तुलनेचा गट' असा एक परिच्छेद उरकून टाकतो ना, तो इतका निर्णायक असतो. माझं वैयक्तिक मत: सातही दिवस चालणाऱ्या कॉल सेंटरमध्ये हा तर्क पटतो. पण जिथे सगळे फुल-टाइम लोक सोमवार-शुक्रवारच येतात तिथे तो नेऊन बसवता येत नाही. अनेक मालक शहाणपणाने बँक हॉलिडेसकट सगळी रजा एका टोपलीत घालतात आणि तिचं प्रमाण काढतात. भांडणच मिटतं. मात्र कायद्याच्या किमान ५.६ आठवड्यांना हात लागता कामा नये, ते दोन्ही पद्धतींत मिळालेच पाहिजेत.

आता १२.०७

वर्षाचे ५२ आठवडे. त्यातले ५.६ रजेचे. उरले ४६.४ कामाचे. ५.६ भागिले ४६.४ = ०.१२०६९. झाले १२.०७ टक्के. म्हणजे कामाच्या प्रत्येक तासामागे साधारण सव्वासात मिनिटं रजा जमा होते.

पहिल्यांदा हे करताना मी ५.६ ला ५२ ने भागलं होतं आणि १०.७७ आल्यावर चक्रावले. चूक छेदात होती. टक्केवारी लावायची आहे ती *केलेल्या कामाच्या* तासांवर, आणि रजेच्या आठवड्यांत काम झालेलं नसतं. म्हणून छेदात ५२ नाही, ४६.४.

ज्युनिअरच्या आकड्यांवर पडताळून बघू. तो वर्षात ४६.४ आठवडे × १६ तास = ७४२.४ तास काम करणार. त्याचे १२.०७ टक्के = ८९.६ तास. मघाशी सरळ गुणाकारानेही ८९.६ च आले होते. दोन्ही रस्ते एकाच गावाला जातात! त्यामुळे लोकांना वाटलं की ही फक्त सोय आहे, एक शॉर्टकट. सल्ला देणाऱ्या 'अकास' या सार्वजनिक संस्थेच्या मार्गदर्शिकेतही अनियमित काम करणाऱ्यांसाठी हा आकडा होता. कायद्यात मात्र तो कुठेच लिहिलेला नव्हता.

पण ४६.४ मध्ये एक गृहीतक दडलंय: माणूस वर्षभर काम करतो, फक्त रजेपुरता थांबतो. जो वर्षातून ३२ आठवडेच काम करतो त्याचं काय?

सॅक्सोफोन शिकवणाऱ्या बाई

बेडफर्डच्या एका मुलींच्या शाळेत ब्रेझेल नावाच्या बाई सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेट शिकवायच्या. करार कायमचा, वर्षभर चालू. पण काम फक्त शाळेच्या सत्रांत, साधारण ३२ ते ३५ आठवडे, आणि तासही विद्यार्थ्यांच्या संख्येप्रमाणे कमीजास्त. शिकवलेल्या तासांचे पैसे मिळायचे. शाळा चालवणाऱ्या हार्पर ट्रस्टने २०११ पासून त्यांच्या रजेचा पगार वर्षातून तीनदा, त्या सत्रातल्या कमाईच्या १२.०७ टक्के असा द्यायला सुरुवात केली. बाई म्हणाल्या, हे कमी आहे.

माझ्या सोयीचे आकडे घेऊन फरक दाखवते. समजा ३२ आठवडे काम, आठवड्याची सरासरी कमाई ४०० पौंड. वर्षाची कमाई १२,८००. ट्रस्टच्या पद्धतीने १२.०७ टक्के = साधारण १५४५ पौंड. बाईंच्या पद्धतीने कायदा म्हणतो ५.६ आठवडे, तर ५.६ × ४०० = २२४० पौंड. जवळपास ७०० चा फरक. २२४० हे १२,८०० च्या १७.५ टक्के होतात.

ट्रस्टचं म्हणणं ऐकायला बिनतोड आहे. वर्षभर राबणाऱ्याला १२.०७ टक्के आणि ३२ आठवडे काम करणारीला १७.५? हा तर उलटा न्याय. टोकाला नेलं तर आणखी विचित्र दिसतं. कायम करारावर असलेला पण वर्षातून एकच आठवडा काम करून १००० पौंड कमावणारा माणूस रजेचे ५६०० पौंड घेऊन जाईल!

प्रामाणिकपणे सांगते, इथपर्यंत वाचल्यावर मी ट्रस्टच्या बाजूने झुकले होते. मग निकाल वाचला.

२० जुलै २०२२ रोजी सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी एकमताने बाईंच्या बाजूने निकाल दिला. युक्तिवाद साधा होता. नियमात लिहिलंय की वर्करला वर्षाला ५.६ आठवडे रजा. 'आठवड्याचा पगार' कसा काढायचा हेही लिहिलंय: मागच्या आठवड्यांची सरासरी, आणि ज्या आठवड्यात पगारच नव्हता तो आठवडा सोडून आणखी मागे जायचं. केलेल्या कामाच्या प्रमाणात ५.६ कमी करा, असं कुठेही लिहिलेलं नाही. युरोपीय कायदा किमान पातळी ठरवतो, देशाने त्याहून उदार व्हायला त्याची हरकत नाही. आणि ट्रस्टची पद्धत घ्यायची तर प्रत्येकाच्या प्रत्येक तासाची नोंद ठेवावी लागेल, ज्यांना तासावर पगारच नाही त्यांचीही. राहिला विचित्र निकालांचा मुद्दा. फारच वेगळ्या पद्धतीने काम करणाऱ्यांना थोडा फायदा होणं हे इतकं अतर्क्य नाही की त्यासाठी कायद्याचे शब्द वाकवावेत.

या वादाचं मूळ आपल्या भाषेत सांगायचं तर रजा *कशाला* चिकटलेली आहे, हा प्रश्न आहे. नोकरीच्या नात्याला की केलेल्या तासांना? नात्याला चिकटलेली असेल तर छेदात वर्ष येतं आणि ते सगळ्यांचं सारखंच असतं. तासांना चिकटलेली असेल तर छेदात काम येतं. गणित दोन्हीकडे पाचवीचं आहे. पण कोणता छेद घ्यायचा हे गणिताला ठरवता येत नाही, ते आधी कुणीतरी ठरवलेलं असतं. १२.०७ वापरणाऱ्या हजारो पगार विभागांनी नकळत एक बाजू घेतलेली होती.

तुमच्यातले जे नेट-सेटची तयारी करताना तासिका तत्त्वावर शिकवतायत त्यांना हे वाचताना काहीतरी ओळखीचं वाटलं असेल. घेतलेल्या तासाचे पैसे, उन्हाळ्याच्या सुट्टीत शून्य. तिथेही मुळात प्रश्न हाच आहे: महाविद्यालयाशी नातं वर्षाचं की तासापुरतं? आपल्याकडच्या कामगार कायद्याने यात तिसराच मार्ग धरला. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ७९ व्या कलमाने रजा केलेल्या दिवसांना जोडली, काम केलेल्या दर २० दिवसांना १ दिवस. पण त्याआधी एक उंबरठा ठेवला: वर्षात २४० दिवस भरलेले असावे लागत. म्हणजे २०२५ पर्यंत लागू असलेल्या या अधिनियमात २३९ दिवस काम करणाऱ्या बदली कामगाराच्या हातात काहीच पडत नसे. ब्रिटनमध्ये १३ आठवड्यांचा उंबरठा २००१ मध्ये गेला, त्याच जातीची ही गोष्ट. कुणाला तुलनात्मक कायद्यात विषय हवा असेल तर 'उंबरठा की प्रमाण' हा प्रश्न घ्या. त्यात पीएचडी आहे.

निकालानंतर

कोर्टात जिंकलेलं संसदेत टिकेलच असं नाही. जानेवारी २०२३ मध्ये सरकारने या निकालावर सल्लामसलत सुरू केली आणि वर्षअखेरीला नवे नियम आणले. ते १ जानेवारी २०२४ पासून लागू झाले. १ एप्रिल २०२४ किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या रजा-वर्षांसाठी दोन नव्या व्याख्या आल्या. एक, अनियमित तासांचा वर्कर: ज्याच्या करारानुसार प्रत्येक पगारकाळातले पगारी तास पूर्णपणे किंवा बहुतांशी बदलते असतात. दोन, वर्षाच्या काही भागातच काम करणारा वर्कर: ज्याच्या वर्षात किमान आठवड्याभराचे असे काळ असतात की तेव्हा काम करायचं नसतं आणि पगारही नसतो. या दोघांची रजा केलेल्या तासांच्या १२.०७ टक्क्यांनी जमा होणार.

म्हणजे जो आकडा आधी फक्त शॉर्टकट होता, तो कोर्टाने नाकारल्यानंतर कायदा झाला. ब्रेझेल बाईंसारख्या कामाला आज ट्रस्टचंच सूत्र लागतं.

माझ्या पेस्लिपवरची ओळही इथेच उलगडली. पगारासोबतच रजेचे पैसे मिसळून देण्याला 'रोल्ड-अप' म्हणतात. २००६ मध्ये युरोपीय न्यायालयाने रॉबिन्सन-स्टील खटल्यात ही पद्धत अमान्य केली होती, कारण पैसे आधीच हातात पडले की माणूस रजा घेतच नाही. नव्या नियमांनी ती परत आणली, पण फक्त वरच्या दोन प्रकारच्या कामगारांसाठी, आणि पेस्लिपवर रक्कम वेगळी दाखवण्याच्या अटीवर. न्यायालयाची भीती खोटी नव्हती असं माझ्याकडे बघून वाटतं. मी वर्षभरात एकही दिवस 'रजा' म्हणून घेतलेला नाही. पैसे आले, भाज्या-भाड्यात गेले, आणि डिसेंबरात मी पेपर तपासत बसले होते.

नव्या नियमात गोळाबेरजेचं एक कलम आहे, त्याकडे बारकाईने बघा. जमा झालेल्या रजेत तासाचा अपूर्णांक अर्ध्या तासाहून कमी असेल तर सोडायचा, अर्धा किंवा जास्त असेल तर पूर्ण तास धरायचा. महिन्याला ३८ तास काम केलं तर ४.५९, म्हणजे ५ तास. ३४ केले तर ४.१०, म्हणजे ४. ठीक. आता समजा कुणी फक्त सत्रांत आठवड्याला ४ तास शिकवते आणि पगार दर आठवड्याला होतो. ४ × ०.१२०७ = ०.४८ तास, म्हणजे २९ मिनिटं. प्रत्येक पगारकाळाची गोळाबेरीज वेगळी केली तर दर आठवड्याला शून्य! ३५ आठवडे काम करूनही रजा शून्य. आणि एकूण जमेवर गोळाबेरीज केली तर १४० तासांचे १६.९०, म्हणजे १७ तास. माझ्या मते दुसरं वाचनच शहाणपणाचं आहे, कारण हक्क देणाऱ्या कायद्याने हक्क पुसून टाकावा हे पटत नाही. पण मुद्दा असा की गोळाबेरीज *कधी* करायची हा तांत्रिक वाटणारा निर्णय ० आणि १७ मधला फरक ठरवतो. तुमच्या डेटाशीटमध्येही असे निर्णय पडलेले असतात, जरा उघडून बघा.

तास बदलते असतील तर एका आठवड्याचा पगार कसा काढायचा, हे थोडक्यात: आधी मागच्या १२ आठवड्यांची सरासरी घेत, ६ एप्रिल २०२० पासून ५२ आठवड्यांची. बिनपगारी आठवडे वगळायचे, पण १०४ आठवड्यांपेक्षा मागे जायचं नाही. ख्रिसमसच्या गर्दीनंतर लगेच रजा घेतली तर जास्त पैसे, फेब्रुवारीत घेतली तर कमी, हा १२ आठवड्यांचा खेळ त्यामुळे संपला.

परत ज्युनिअरकडे

आता लक्षात आलं असेल की मी फोनवर त्याला काय चुकीचं सांगणार होते. उत्तर ८९.६ बरोबर आलं असतं, पण वाट चुकीची. त्याचे तास ठरलेले, काम वर्षभर. तो अनियमितही नाही आणि अर्ध्या वर्षाचाही नाही. त्याला १२.०७ लागत नाही, सरळ ५.६ आठवडे लागतात. त्याचा मालक उद्या म्हणाला असता की 'तुझ्या तासाच्या दरातच रजेचे पैसे धरलेत', तर तेही चाललं नसतं. मी माझ्या पेस्लिपवरचं सूत्र त्याला चिकटवून दिलं असतं, तर ती पळवाट मीच त्यांच्या हातात दिली असती.

आणखी एक अडचण होती. नोकरीच्या पहिल्या वर्षात रजा एकदम मिळत नाही. दर महिन्याच्या सुरुवातीला एक-बारांश जमा होते. तो १ ऑक्टोबरला लागला, लग्न फेब्रुवारीच्या मध्यात. म्हणजे पाचवा महिना, ११.२ चे पाच-बारांश = ४.६७ दिवस. इथे गोळाबेरीज अर्ध्या दिवसाच्या पटीत आणि वरच्या बाजूला होते, म्हणून ५ दिवस. दोन आठवडे गावी जायचं तर त्याला कामाचे दिवस लागतात फक्त ४. बसलं!

त्याला दोन गोष्टी सांगितल्या. मॅनेजरशी वाद घालू नकोस, कंपनीच्या एचआरला ई-मेल कर आणि त्यात नियमाचं नाव लिही. आणि लवकर कर, कारण रजेचा हक्क तुझा असला तरी तारखा नाकारायचा अधिकार मालकाला असतो. करारात वेगळं काही नसेल तर जितके दिवस रजा हवी त्याच्या दुप्पट दिवस आधी कळवायचं असतं. नाहीच ऐकलं तर अकासची हेल्पलाइन फुकट आहे, आणि तिथून पुढे ट्रायब्युनल. तिथे मुदत असते, म्हणून 'बघू नंतर' म्हणत बसायचं नाही.

चार दिवसांनी एचआरचं उत्तर आलं. मॅनेजरचा गैरसमज झाला होता म्हणे, ४ दिवस मंजूर, पगारासह. ३२ तासांचे ४१६ पौंड. दुकानात शनिवार-रविवार काम करणारी आणखी तीन मुलं आहेत, त्यांनीही आपापले ई-मेल टाकलेत.

लग्नाहून परत आल्यावर त्याचा फोन आला. "ताई, ११.२ मधले ११ दिवस कळले. ते ०.२ म्हणजे काय?"

"८ तासांचे ०.२. १ तास ३६ मिनिटं."

"मग एखाद्या रविवारी तेवढा वेळ उशिरा जाऊ?"

मी म्हटलं, एचआरला विचार. पण लेखी विचार.